सुलभाची घुबडं

आमच्या गिरगावातल्या फणसवाडीच्या चाळीत एका खोलीतली शिंक तिसऱ्या खोलीत ऐकू जाते. तरीही ही गोष्ट आजवर कुणाच्या कानावर गेलेली नाही – ह्यांच्या नाही, मुलांच्या नाही. यावरून मी काय पोचलेली बाई आहे ते ओळखा. आज तुम्हाला सांगते. आजच का, ते विचारू नका.

माझं माहेर दिंडोरीकडचं. तिथे माझा भाऊ आणि त्याची बायको सुलभा वाइनची द्राक्षं पिकवतात. म्हणजे पिकवते ती. भाऊ ट्रॅक्टर फिरवतो. सुलभाचं सगळंच जगावेगळं. ओढ्याकाठच्या बाभळी-बोरी तिने तोडू दिल्या नाहीत. त्यात मुंगसं राहायची, सुगरणी घरटी विणायच्या. उंदीर ठिबकच्या नळ्या कुरतडायला लागले, तर हिने विष न घालता घुबडं बोलावली. बोलावली म्हणजे – बागेत उंच खांबांवर लाकडी पेट्या लावल्या आणि वाट पाहत बसली. घरावर घुबड बसलं तर आपल्याकडे शांती करतात, आणि ही त्यांना घरं बांधून देते म्हणून सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल? मीच की.

शेजारचा रावसाहेब मात्र हसला नाही. ओढ्यापलीकडची झाडी त्याची. ती काढून त्याला बाग वाढवता आली असती, पण सुलभाच्या शब्दाखातर त्याने ती राखली. पुढे खरंच घुबडं आली. पांढऱ्या तोंडाची, गव्हाणी घुबडं. पिल्लं झाली. वाइनवाल्या कंपनीची माणसं कौतुकाने बाग बघायला यायला लागली.

आणि इथे आमची बाईसाहेब – म्हणजे मीच – प्रवेश करते. पन्नाशीची, केस ताजे रंगवलेली, गॉगल डोळ्यांवर कमी आणि डोक्यावर जास्त. गिरगावातल्या महिला मंडळात ती ‘आमची वायनरी’ म्हणून मिरवायची. वायनरी कसली – द्राक्षं भावाची, वाइन कंपनीची, हिचा नुसता तोरा. मंडळाची सहल तिकडे न्यायची ठरली, तशी ही दोन दिवस आधीच जाऊन बसली. जेवणाची पंगत पत्र्याच्या शेडमध्ये होती. शेडमध्ये उंदीर. तो अध्यक्षीणबाईंच्या पायावरून गेला तर? गिरगावात तोंड कुठे दाखवायचं?

चाळीतल्या बाईला उंदरावर एकच उपाय ठाऊक. उंदराच्या औषधाची वडी चुरायची, कांदाभज्यात भरायची आणि फडताळामागे सरकवायची. तेच मी केलं. घाबरून, ऐनवेळी केलं असं म्हटलं असतं – पण वड्या मुंबईहून पर्समध्ये घालून नेल्या होत्या. सुलभाने आल्या आल्या बजावलं होतं, “वन्सं, इथे विष नाही हं. माझी पाखरं उंदरांवर जगतात.” मला कळलं नव्हतं का? मराठीतच बोलली होती.

त्या औषधाने उंदीर लगेच मरत नाही. चार-पाच दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो. घुबडाला आयताच.

सहल झकास झाली. एकही उंदीर दिसला नाही.

मग सुलभाचा फोन आला. मादी पेटीखाली मरून पडली होती. पिल्लं वर, पेटीत. नर दिसतच नव्हता. ती रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. म्हणाली, कुणीतरी विष घातलंय. आणि मग म्हणाली – रावसाहेबच. घुबडं गेली की त्याची झाडी बागेला मोकळी. दुसरं कोण असणार?

‘सुलभा, मी.’ दोन शब्द लागत होते. मी काय म्हटलं, सांगू? “अगं, माणसं अशीच असतात. वरून गोड.” नुसती गप्प बसले असते तर निदान भित्री म्हणता आलं असतं. मी तर वर फोडणी घातली.

सुलभा त्याच्या दारात जाऊन चार लोकांदेखत बोलली. त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. हिने मानली नाही. त्या उन्हाळ्यात त्याने जेसीबी लावून पलीकडची सगळी झाडी उपटून काढली. चोर ठरलोच आहे, तर राखू कुणासाठी – असं म्हणाला म्हणे. सुगरणी गेल्या. मुंगसं गेली. सुलभा दरवर्षी शिडी लावून पेट्या साफ करत राहिली. घुबड परत आलं नाही.

गेल्या महिन्यात ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आली. काळा चष्मा लावून आतल्या खोलीत पडून होती, तेव्हा भावाचा फोन आला. रावसाहेब गेला.

मी तिला सांगितलं. खाली गल्लीत टेम्पो अडकला होता, मागचे हॉर्न वाजवत होते. सुलभा म्हणाली, “वन्सं, एकदा कबूल करायचं होतं हो त्याने. मी सोडून दिलं असतं.”

ऐकलंत ना? सोडून दिलं असतं, म्हणाली. यापेक्षा सोपं कुणी काय करून द्यायचं?

मी म्हटलं, “हलू नकोस.” तिचा चष्मा काढला, खालची पापणी बोटाने ओढली आणि थेंब घातले.

“तुमचा हात फार हलका आहे,” ती म्हणाली, आणि डोळा मिटून घेतला.