सुट्टीनंतरची तपासणी

"हा कप घे. दार लावायचं नाही."

उन्हाळ्याची सुट्टी संपवून आम्ही कॉलेजच्या पोरी जव्हारला वसतिगृहावर आलो होतो. बाथरूमसमोर रांग. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकचा कप. त्यात लघवी भरून आणायची, गृहपाल मॅडम गरोदरपण तपासायची पट्टी बुडवणार. एक रेघ आली की खोलीची चावी. दोन आल्या की घर.

मॅडम शहरातल्या. रांगेकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या आदिवासींत लग्नाआधीच एकत्र राहतात ना? मग आम्हाला काळजी घ्यावी लागते."

राहतात. माझे आई-बापही तसेच राहिले. लग्न लागलं तेव्हा मी चार वर्षांची होते, त्यांच्या लग्नात नाचलेय मी. त्यात लाज कसली? पण तेव्हा मिठाची गुळणी धरून उभी राहिले. बाहेर शिपाई होता, सगळं ऐकत होता.

माझ्या पुढं यमुना. आमची खोली एकच, पाडेही शेजारचे. तिच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. मॅडमनी तिची पेटी व्हरांड्यात काढून ठेवली. दुपारच्या एसटीनं ती गेली. मी डेपोपर्यंतसुद्धा गेले नाही. आपली एकच रेघ आली, याचाच आनंद. वर मैत्रिणींत म्हणाले, "दिसायची कशी गरीब गाय!"

थू माझ्यावर.

दिवाळीला घरी गेले तेव्हा तिच्या पाड्यावर गेले. ती अंगणात नागलीची कणसं झोडत होती. पोट वर आलेलं. मला बघून हात थांबला नाही. मीच बसले. झोडता झोडताच बोलली. उन्हाळ्यात आई-बापासोबत वीटभट्टीवर गेली होती. ते विटा थापायला गेले की ती झोपडीत भाकरी करायची. तिथं मुकादम शिरला. एकदा नाही, तीनदा.

"मॅडमला सांगितलं का नाहीस?"

"कोणी इचारलाच नाय मना."

खरंच. पट्टी बघितली, रजिस्टर बघितलं, पेटी बाहेर काढली. कोणी केलं हे त्या व्हरांड्यात कुणालाच विचारावंसं वाटलं नाही. मलाही नाही. परतीच्या जीपमध्ये बसवत नव्हतं, उतरून चालत जावंसं वाटत होतं.

वसतिगृहात पुन्हा तीच रांग. मॅडमनी कप पुढं केला. मी घेतला नाही.

"काय झालं? घाबरलीस? काही आहे का पोटात?"

"नाही. पण कप घेणार नाही. यमुनेला तुम्ही हाकललंत. तिच्यावर कुणी हात टाकला, हे विचारलंत का?"

"ते माझं काम नाही. तपासणी नाही तर खोली नाही. उचल पेटी."

"खोली नाकारता तसं लिहून द्या, सहीसकट."

मॅडमनी लिहून दिलं नाही. चावीही दिली नाही. मागच्या पोरी खाली बघत होत्या, जशी तेव्हा मी बघत होते. त्यांच्यावर राग आला, आणि लगेच स्वतःवर जास्त.

आता एका मैत्रिणीच्या मामीकडं जमिनीवर झोपते. कॉलेज सुटलं तर सुटेल. त्याची भीती आहे, खोटं का बोलू? पण सोमवारी यमुनेला घेऊन पोलीस ठाण्यात जाणार आहे, तिला विचारूनच. तिथंही आधी तिच्या पोटाकडं बघतील, मग आमच्या चालीरीती काढतील. काढू देत. मुकादमाचं नाव लिहिलेल्या तक्रारीची प्रत हातात पडेपर्यंत मी तिथून हलणार नाही.