दांडीवरचं सोवळं

बनशंकरीच्या गोदूबाईंना चालणं ठाऊकच नव्हतं. पाय ठणठणीत होते हो, पण बाई नेहमी पळत! पंचाहत्तरी उलटली, यजमान गुंडोराव गेले, घरात एकट्या उरल्या, तरी कुकरची शिट्टी आणि दारावरचा भाजीवाला या दोघांनाही एकाच वेळी पुरून उरत. धाकट्या भावंडांची अक्का, म्हणून सगळ्या घराची अक्का. पोटचा मुलगा रघुनंदनसुद्धा अक्काच म्हणे.

श्रावणात मात्र अक्का न्हाणीच्या बोळात सपशेल आपटल्या. हाड वाचलं, पण कंबर काळीनिळी झाली. रघुनंदन शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, सर्जापूर रोडवरून धावत आला. सरकारी कारखान्यात जन्मभर यंत्रं तपासलेला माणूस तो. त्यानं आईलाही तपासलं आणि निकाल दिला, "आणखी एकदा पडलीस, की उचलून आमच्या फ्लॅटवर नेतो. श्रीविद्येची वीणा बाहेर काढून तुझी खोली रंगवून ठेवलीय."

अक्कांना तिथं जायचंच नव्हतं. सून श्रीविद्या गुणाची होती, प्रश्न तिचा नव्हता. तिथलं स्वयंपाकघर हॉलमध्येच उघडं, कुणीही चपला घालून फ्रिजपर्यंत जाणार. सोवळं कसलं न् काय! हे घर सुटलं तर आपण आपल्या उरणारच नाही, असं त्यांना खरोखर वाटलं.

रघुनंदननं बोळाच्या भिंतीला, धरायला म्हणून, स्टीलची भक्कम दांडी बसवून घेतली. अक्का हरखल्याच! इतकी वर्षं उद्याचं सोवळ्याचं लुगडं स्टुलावर चढून उंच टांगलेल्या वेळूच्या काठीवर वाळत घालावं लागे. आता ही कशी हाताशी, गुळगुळीत! लुगडं तिच्यावर ऐसपैस पसरलं. झालं! आता दांडीला हात लावायची कुणाची बिशाद? आंघोळीआधी शिवलं, की सोवळं मोडलं. कामवाली कडेकडेनं जाई. शेजारच्या प्रेमाक्का कानडीत "सरी, सरी", बरं बरं, म्हणत परसातून वळसा घालून येत. आणि खुद्द अक्का रोज सकाळी कोपरं अंगाशी आवळून, त्या भिंतीपासून हातभर लांब चालत. पडू नये म्हणून लावलेली दांडी चुकवत चालायचं, धन्य ती बाई!

"दांडी वापरतेस ना?" रघुनंदन फोनवर विचारी.

"रोज रे! तिच्यावाचून माझं पान हलत नाही."

नरकचतुर्दशीला मुलगा-सून मुक्कामाला आली. सकाळी श्रीविद्येनं सासूला टाळूपासून तळव्यांपर्यंत तेल चोळलं. आणि बाई "पाणी निवेल गं!" म्हणत पळाल्या. लाल गुळगुळीत जमीन, तेलाचे तळवे. पाय सटकलाच! एकीकडे जमीन आणि पुढे सर्जापूर रोड, दुसरीकडे देवाच्या नैवेद्याचं सोवळं. "रामा!" म्हणून अक्कांनी लुगड्यासकट दांडी पकडली. स्टीलवरून लुगडं सुर्रकन सरकलं, त्याच्याबरोबर अक्काही सगळा बोळ सुर्रकन पार करून गेल्या आणि दांडी जिथं भिंतीत शिरते तिथं थांबल्या. उभ्याच्या उभ्या! आणि खदखदून हसायला लागल्या.

रघुनंदन धावत आला. "पडलीस?"

"पडते कशाला? उभी आहे की मेल्या!"

"अक्का, सोवळं..." श्रीविद्या हळूच म्हणाली. अक्कांच्या मुठीत तेलानं माखलेलं लुगडं होतं. हसू ओसरलं.

"भ्याले रे," त्या म्हणाल्या. "घर गेलंच असं वाटलं." मग नाक पुसून त्यांनी हुकूम सोडला, "घरात रेशमी सोवळं आता एकच, तुझ्या वडिलांचा मुकटा. न्हाऊन तो नेस. आजचा नैवेद्य तू करायचास."

"अक्का, मला नुसतं आम्लेट येतं!" तो बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. श्रीविद्येला खोकल्याची उबळ आली.

"आज पुरणाची होळिगे येईल," अक्का शांतपणे म्हणाल्या.

सगळ्यांच्या शेवटी अक्का न्हाऊन निघाल्या. दांडी मोकळी होती. त्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि एकेक पाऊल टाकत बोळातून येऊ लागल्या. स्वयंपाकघराच्या दारात रघुनंदन उभा होता, एका हातानं निसटता मुकटा सावरत, नाकाला पुरण लावून.

"वेळू खाली घे, खांद्याइतका," अक्का म्हणाल्या. "सोवळं तिकडं. ही दांडी माझी. आणि रघू, ती खोली..."

"वीणेला परत दिली," तो म्हणाला. "तू सावकाश ये."