सोळा पायऱ्यांखालचा संसार

"म्हण ना, पलंग वर होता म्हणून! एवढं म्हणायला काय जीभ झडते तुझी?"

"वर होता तर भिजला कसा, पोरी? वर पाण्याचा थेंब पोचला नाही. पलंग काय पोहायला खाली उतरला होता?"

"मग म्हण, वादळाच्या आधी आम्ही सामान हलवत होतो."

"वरून खाली? पूर येणार म्हणून सामान खाली आणलं? तो विम्याचा माणूस कोरड्या मुलखातला आहे, रोनेल. कोरडा आहे म्हणजे खुळा आहे असं नाही."

रोनेलनं हातातलं फडकं बादलीत आपटलं. चिखलाचे शिंतोडे तिच्याच पँटवर उडाले, त्यामुळे ती आणखी चिडली.

"ममा, नीट ऐक. विमा मिळाला नाही तर हे खालचं घर परत उभं राहत नाही. माझ्याकडे पैसा नाही, तुझ्याकडे नाही. आणि वरचं घर तुला चढवत नाही. म्हणजे गाडीत बसायचं आणि माझ्याकडे राहायला यायचं. मग मला म्हणू नकोस, मी तुला बायूवरून उपटून नेलं."

आझेली व्हर्डिन पालथ्या घातलेल्या खेकड्याच्या पेटीवर बसली होती, कारण घरात बसण्यासारखी तेवढीच वस्तू उरली होती. एकाहत्तर वर्षांची बाई. मनगटं जाड, बोटं दोराच्या गाठींसारखी. उजवा गुडघा पट्ट्यात बांधलेला. लेकीच्या शहरातल्या घरी तिनं वादळाचे नऊ दिवस काढले होते, आणि त्या नऊ दिवसांत खिडकीतून तिला काय दिसलं तर दुसऱ्याची खिडकी. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीला वाईट वाटलं असतं.

"पलंग खालीच होता," ती म्हणाली. "मी खालीच राहते. अख्ख्या रस्त्याला माहीत आहे."

*

अख्ख्या रस्त्याला माहीत होतं, ते खरं. लुइझियानाच्या टोकाला, जिथे रस्ता संपतो आणि बायूची, म्हणजे संथ खाडीची, दलदल सुरू होते, तिथे आझेलीला सगळे 'तांत आझेली' म्हणत. तांत म्हणजे मावशी, पण रक्ताची असायची गरज नव्हती. ज्याच्या होडीवरचं जाळं तिनं एकदा शिवलं, त्याची ती मावशी झाली. आणि या बायूवर तिनं न शिवलेलं जाळं शोधूनही सापडलं नसतं. अकराव्या वर्षी बापानं हातात सुई दिली. साठ वर्षं झाली, सुई हातातून सुटली नाही. फाटलेलं जाळं पाहून ती सांगायची, हे झाडाच्या बुंध्यात अडकलं, हे सुसरीनं ओढलं, आणि हे, लाज नाही वाटत, दारू पिऊन होडी चालवल्यानं फाटलं.

तिचा नवरा एलोई कोळंबीवाला. त्यांचं घर आधी जमिनीपासून दोन फुटांवर होतं, सगळ्यांचं असायचं तसं. मग पंधरा वर्षांपूर्वीच्या वादळात पाणी खिडक्यांतून आत आलं आणि दारातून बाहेर गेलं. सरकारनं मदत दिली, अट एकच: घर उचला. घर उचलणारी माणसं आली, जॅक लावले, आणि अख्खं घर अकरा फूट वर, खांबांवर नेऊन ठेवलं. रस्त्यावरची सगळीच घरं तशी लांब टांगांची झाली. सोळा पायऱ्या. पहिल्या दिवशी एलोई पायऱ्या मोजत वर गेला आणि वरून ओरडला, "आझेली, आता आपण श्रीमंत! माडीवर राहतो!"

त्यानंतर विम्याचा कागद करायला गावातली एजंट बाई आली. तिनं सांगितलं, खाली भिंती घालू नका. घातल्याच तर खाली फक्त गाडी ठेवा, अवजारं ठेवा, सामान ठेवा. दोघांनी माना डोलावल्या. मनापासून डोलावल्या.

मग एलोईचा गुडघा गेला. मागोमाग आझेलीचा. जन्मभर ओल्या फळीवर उभं राहिलेल्या माणसांचे गुडघे, ते जाणारच. आधी स्टोव्ह खाली आला, कारण कोळंबी उकडायची तर खालीच बरी. मग टेबल आलं, कारण जेवायला कोण वर जातो. मग चहूबाजूंनी प्लायवूड लागलं, कारण डास. फ्रिज आला, कपडे धुण्याचं मशीन आलं, मोठा फ्रीझर आला. शेवटी एका उन्हाळ्यात पुतण्यानं, क्लोव्हिसनं, पलंग उतरवून दिला. तेव्हा आझेलीला एजंट बाईचं बोलणं आठवलं.

"अहो, खाली फक्त सामान ठेवायचं असं म्हणाली होती ना ती?"

"मग?" एलोई पलंगावर आडवा होत म्हणाला. "आपण आता काय आहोत? सामानच!"

या रस्त्यावर ही चूक एकट्या व्हर्डिनांनी केली नव्हती. ज्या ज्या घराला म्हातारं माणूस होतं, त्या त्या घराचा संसार असाच पायरी-पायरीनं खाली उतरला होता. वर कोरडी, झाडलेली, देवाच्या तसबिरी लावलेली घरं, खाली माणसं. एलोई तिथेच, त्याच पलंगावर, चार वर्षांपूर्वी गेला. आझेली दर वर्षी विम्याचा हप्ता भरत राहिली. पोस्टात जाऊन, स्वतः. कागदावर 'घर' असं लिहिलेलं होतं. आणि घर म्हणजे माणूस जिथे राहतं ते, यात विचारण्यासारखं काय होतं?

*

सरकारी पूरविम्यासाठी पाहणी करणारे मिस्टर केल्सी दहाच्या सुमारास आले. उंच, वाकलेले, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवलेल्या. त्यांनी आधी भिंतीवरची चिखलाची रेघ मोजली: पाच फूट दोन इंच. मग खालच्या सैल झालेल्या पायऱ्या जपून ओलांडत वर जाऊन आले. आझेली त्यांच्या पावलांचा आवाज डोक्यावर ऐकत राहिली. किती दिवसांनी कुणीतरी वर चालत होतं.

"वर सगळं ठीक आहे," ते खाली येत म्हणाले. "छान घर आहे, मिसेस व्हर्डिन."

"असणारच. कुणी वापरतच नाही."

रोनेलनं आईकडे डोळे वटारले.

"बसा ना," आझेली म्हणाली. "ती दुसरी पेटी घ्या. कॉफी घेता? थर्मासमधली आहे, पण कडक आहे."

केल्सींनी कॉफी घेतली, एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"रडू नका," आझेली म्हणाली, "सवय होते."

ते हसले. मग त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि हसू ओसरलं. हा माणूस आज सकाळपासून चौथ्या घरात हेच सांगतोय, हे आझेलीला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

"मिसेस व्हर्डिन, मी सरळ सांगतो. तुमच्याकडे दोन्ही विमे आहेत, इमारतीचाही आणि सामानाचाही. ते चांगलं केलंत, पुष्कळ लोक सामानाचा घेत नाहीत. पण तुमचं घर खांबांवर आहे. विम्याच्या लेखी तुमचं घर सुरू होतं तिथून." त्यांनी बोट वर केलं, छताकडे.

"आणि हे?"

"हे घराच्या खालचं आहे."

"मी इथे सात वर्षं झोपले."

"हो. पण तुम्ही कुठे झोपता हे विमा विचारत नाही. पहिला मजला कुठला, एवढंच विचारतो. त्याच्या खालच्या मोजक्याच गोष्टी धरतात."

"पलंग?" रोनेलनं विचारलं.

"नाही."

"स्टोव्ह?"

"नाही."

"फ्रिज? टेबल? या भिंती?"

"नाही. भिंती तर मुळीच नाहीत."

"जाळी?" हे आझेलीनं विचारलं. कोपऱ्यात तीन जाळ्यांचा चिखलाचा ढीग पडला होता.

केल्सींनी नकारार्थी मान हलवली.

"मग धरता तरी काय, मिस्टर?" रोनेलचा आवाज चढला. "दर वर्षी हप्ता घेताना धरता ना?"

"पोरी, त्यांनी नियम केलेला नाही. ओरडायचं तर माझ्यावर ओरड, मला सवय आहे."

"खांब धरतात," केल्सी शांतपणे म्हणाले. "पाया. विजेची पेटी. पाणी तापवायचा हीटर. हा चिखल काढायचा खर्च. घराला जोडलेला जिना. तुमच्या खालच्या चार पायऱ्या सुटल्यात, कठडा वाकलाय, त्याचे पैसे मिळतील."

"जिना!" आझेली म्हणाली. "देवा रे. एलोई असता तर हसून मेला असता. जो चढवत नाही तोच नवा करून देणार."

"सामानात कपडे धुण्याचं मशीन धरतात. आणि फ्रीझर." त्यांनी पेन उचललं. "फ्रीझरचं एक आहे, मिसेस व्हर्डिन. त्याच्या आत जे खायचं होतं, तेही भरून देतात. मी या बायूवरची घरं पाहिलीत, फ्रीझर गच्च असतात. तुम्ही सांगा, मी लिहितो. काय होतं आत?"

रोनेलनं आईचा खांदा दाबला. दाब कसला, चिमटाच होता.

फ्रीझरमध्ये नव्वद पौंड कोळंबी होती. सोललेली, दुधाच्या रिकाम्या खोक्यांत पाण्यासकट गोठवलेली, वर्षभर गम्बोच्या रश्श्याला पुरेल एवढी. जाळ्यांच्या शिलाईबद्दल लोक तिला पैसे कमी आणि कोळंबी जास्त देत. शिवाय खेकडे, दोन बदकं, बागेतली चिरलेली भेंडी.

वादळाच्या दोन दिवस आधीपर्यंत होती.

या रस्त्यावर वादळ येतंय हे कळतं ते पातेल्यांच्या वासावरून. वीज जाणार म्हणजे फ्रीझरमधलं सडणार. मग सडण्याआधी रस्त्यावर चूल मांडायची आणि जे असेल ते सगळ्यांनी मिळून संपवायचं. आपल्या फ्रीझरला कुलूप लावून पळून गेलेल्या माणसाला परत आल्यावर कुणी हाक मारत नाही. त्या दिवशी सगळ्यात मोठं पातेलं तांत आझेलीच्या दारात होतं. चाळीस माणसं जेवली. ज्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं तीही एका बाकावर बसून जेवली. शेवटी आझेलीनं फ्रीझर पुसला, त्याचं झाकण लाकडी डावानं टेकवून उघडं ठेवलं, आणि लेकीच्या गाडीत बसली.

"सांग ना ममा," रोनेल म्हणाली. "नव्वद पौंड कोळंबी होती. खेकडे होते. मीच पाहिलेत."

केल्सी पेन धरून थांबले. त्यांनी डोळे कागदावरच ठेवले होते, वर पाहिलं नाही. आझेलीला वाटलं, हा माणूस मुद्दाम पाहत नाहीये. मी काहीही बोलले तरी लिहून घेईल.

तिनं कॉफीचा कप दोन्ही हातांत फिरवला. नव्वद पौंड. एवढं बोललं की निदान स्टोव्ह तरी येईल. कुणाचं काय जाणार होतं?

"होती," ती म्हणाली.

रोनेलनं श्वास सोडला.

"होती, पण ती वाहून गेली नाही, मिस्टर. खाल्ली. शेजारच्या मोरो बंधूंनी दोन-दोन ताटं खाल्ली, लाज न बाळगता. आत काही नव्हतं. लिहा, रिकामा."

"ममा!"

"अगं, चाळीस माणसांनी बोटं चाटून खाल्लं आणि मी त्याच जेवणाचे पैसे सरकारकडे मागू? उद्या त्यातलं कुणी विचारलं, तांत, कोळंबी कशी होती, तर काय सांगू, भिजलेली होती?"

केल्सींनी 'रिकामा' असं लिहिलं. मग हलकेच म्हणाले, "फ्रीझरचे मिळतील. जुना आहे, थोडेच मिळतील."

"थोडे तर थोडे." आझेलीनं मान वळवली. समोर, पाण्यावर, क्लोव्हिसच्या होडीवरची विंच, जाळं वर ओढायचं यंत्र, करकरत होती. जाळं वर येत होतं, चिखलानं, पाल्यानं, कुणाच्या तरी छपराच्या पत्र्यानं भरलेलं. तो वादळाचा कचरा उपसत होता. "मला एक सांगा. ते वरचं. वर मी पलंग नेला, स्टोव्ह नेला, तर ते धरणार?"

"वर नेलेलं सगळं. ज्या दिवशी नेलं त्या दिवसापासून."

"आणि खाली, त्या तुमच्या मोजक्या यादीत, आणखी काय आहे? जिन्याच्या पुढे वाचा."

केल्सींनी यादीवरून बोट फिरवलं. "तेलाची टाकी... पंप... लिफ्ट असेल तर लिफ्ट, काही अटींवर."

रोनेल हसली, कडू. "लिफ्ट! घ्या. सोन्याची बसवू."

आझेली हसली नाही. तिची नजर बायूवर होती.

"घराला पक्की जोडलेली हवी, असंच ना? चारशे पौंड ओलं जाळं उचलणारी असेल तर?"

"ते तपासावं लागेल, मिसेस व्हर्डिन. नीट बसवलेली हवी, परवाना हवा..."

"ममा, तू कोळंबी नाहीस!" रोनेल तिच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे भरले होते आणि ते भरल्याचा तिला राग आला होता. "या असल्या गमती पुरेत आता. हे खालचं गेलं. परत येणार नाही, ऐकलंस ना त्यांनी काय सांगितलं ते? माझ्या घरी खोली आहे, पायरी एकही नाही. मी रात्र-रात्र जागते तिकडे, दर वेळी टीव्हीवर ढग दिसला की. मला एकदाच सांग. माझ्याबरोबर येतेस की नाही?"

आझेलीनं कप पेटीच्या कडेवर ठेवला. दोन्ही हात मांड्यांवर टेकून, दात आवळून ती उठली. लेकीच्या गालावरचा चिखलाचा डाग तिनं अंगठ्यानं पुसला. मग चिखलातून, खांबाखांबाला धरत, ती बाहेर पडली आणि क्लोव्हिसच्या होडीकडे, त्या विंचकडे चालू लागली.