प्लास्टिकमधलं पुस्तक

शारजा ते रास अल खैमा रोज एकाच गाडीतून जा-ये केली की किस्से साठतातच. गाडीतल्या वाळूसारखे, कितीही झटका, मॅटखाली उरतातच. आमच्या कारलिफ्टमध्ये तिघं. गाडी सावंतांची, ते कुडाळचे, टाइल्सच्या फॅक्टरीत भट्टीवर सुपरवायझर. मी अकाउंट्समध्ये. आणि मागच्या सीटवर एक्स्पोर्टचे हर्षदभाई, गुजरातीतले कवी आणि समीक्षक. मूळचे नंदुरबारचे, त्यामुळे मराठी आमच्याइतकंच साफ. आम्हा दोघांना मात्र गुजराती ऐकून कळतं, वाचता येत नाही.

स्वतःची कविता त्यांनी गाडीत कधीच ऐकवली नाही. सीटबेल्ट लावलेल्या माणसाला कविता ऐकवणं हा अत्याचार आहे, असं त्यांचं मत!

*

एकदा शेठनी त्यांना नव्या टाइल्सना नावं द्यायला सांगितलं. कवी पगारावर आहे, तर वापरून घ्या! हर्षदभाईंनी एका निळसर राखाडी टाइलला नाव दिलं, 'विरह'. शेठ भर मीटिंगमध्ये म्हणाले, "हर्षदभाई, बाथरूम में विरह कौन लगाएगा?" सगळे हसले. टाइल 'ओशन ग्रे' नावाने बाजारात गेली.

संध्याकाळी गाडीत हर्षदभाई म्हणाले, "इथे येऊन आपण रडतो कुठे? बाथरूममध्येच ना?"

सावंतांनी रेडिओ लावला.

*

समीक्षक म्हणून माणूस महाकडक. अहमदाबादच्या एका मासिकात त्यांचं सदर होतं. पुस्तकं तिकडून यायची, हे मागच्या सीटवर पेन्सिल घेऊन वाचायचे आणि सोलून काढायचे. न जमलेल्या कवितेसाठी त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, आम्हालाही पाठ झालेलं: "ही कविता पाहुण्यासारखी आली, चहा प्यायली, गेली. बोलली काहीच नाही."

दुबईतल्या एका बड्या व्यापाऱ्याने कवितासंग्रह काढला. हॉटेलात जेवण, उंधियोसुद्धा खास विमानाने आणलेला. चार शब्द बोलायला हर्षदभाईंना उभं केलं. त्यांनी हेच वाक्य ऐकवलं आणि खाली बसले. जेवणाच्या रांगेत त्यांच्या मागेपुढे कोणी उभं राहिना. पुढे त्या मंडळींची आमंत्रणंही खलास.

*

मग त्यांचा स्वतःचा संग्रह आला. पहिलाच, तोही साठीला टेकल्यावर. प्रकाशन एका हॉलमध्ये झालं. प्रमुख पाहुणे पुस्तक उंचावून बराच वेळ बोलले. मातीचा गंध, वतनाची ओढ, काय काय! टाळ्या पडल्या. पुस्तकावरचं प्लास्टिक शेवटपर्यंत तसंच होतं.

 परत येताना सावंतांनी अभिनंदन केलं, तेव्हा हर्षदभाई एकदम उसळून म्हणाले, "मला वाहवा नको आहे हो. कोणीतरी वाचलेलं हवंय. वाचून शिव्या घातल्या तरी चालेल."

*

हर्षदभाईंची मुलगी अल रीम आयलंडला, मोठ्या टॉवरमध्ये राहते. ते तिला प्रत द्यायला गेले. पुढच्या खेपेला पाहतात तर पुस्तक काचेच्या टीपॉयवर, मेणबत्तीच्या खाली. मुलगी लाडाने म्हणाली, "पप्पा, द कव्हर गोज सो वेल विथ द सोफा." तिला गुजराती वाचता येत नाही. शिकवायचं यांच्याकडून राहिलं. तेव्हा ते दुसऱ्यांच्या कविता तपासत होते.

*

त्यांच्या मासिकात परीक्षण काही येईना. शेवटी त्यांनी गाडीतूनच संपादकांना फोन लावला. स्पीकरवर आम्हीही ऐकलं. संपादक बिचारे सज्जन. म्हणाले, ज्यांना तुम्ही झोडलंत ते लिहायला तयार नाहीत, आणि तुम्ही सोडलाय असा कोणी उरलेला नाही. तरी बघतो.

"बघतो म्हणजे आपलं इथलं इन्शाल्लाच, व्हायचं नाही," सावंत हळूच म्हणाले. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

*

आणि एका सकाळी हर्षदभाई शारजात अल मजाजच्या नेहमीच्या कोपऱ्यावर चक्क दाढीबिढी करून, इस्त्रीच्या शर्टात उभे! परीक्षण आलं होतं. मासिकाची पीडीएफ फोनवर उघडून त्यांनी वाचायला सुरुवात केली. खाली नाव होतं कुणा अनोळखी माणसाचं.

काय फाडलं होतं! पहिला विभाग उसना, मधल्या कवितांना वतनाचा कढ आणण्याची सवय, समुद्रावरच्या कवितेत समुद्र पाहिल्याची खूण नाही. तीन कविता मात्र जिवंत, असं म्हणून त्या तिन्हींतली एकेक ओळ उलगडून दाखवली होती. हर्षदभाई तब्येतीत वाचत होते, मधेच "बरोबर आहे" म्हणत होते.

सावंत तापले. "कोण हा शहाणा? नंबर द्या त्याचा, कुडाळच्या भाषेत समजावतो."

हर्षदभाईंनी हाताने थांबवलं आणि शेवटची ओळ वाचली. "संग्रहातल्या उरलेल्या कविता पाहुण्यासारख्या आल्या, चहा प्यायल्या, गेल्या. बोलल्या काहीच नाहीत."

सावंतांनी आरशातून मागे पाहिलं, मग माझ्याकडे. समोर फॅक्टरीची चिमणी दिसू लागली.

उतरताना हर्षदभाईंनी फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "त्याला काही बोलू नका, सावंत. अख्खं पुस्तक वाचलेला तो एकटाच माणूस आहे."