सहा खुर्च्यांचं टेबल

माणसं टेबल घेतात आणि त्याच्याबरोबर खुर्च्या येतात. माझ्या घरी उलटं झालं. खुर्च्या आधी आल्या, आणि त्यांना शोभेल असं टेबल शोधण्यात माझी बरीच वर्षं गेली. लोक म्हणायचे, बाई हौशी आहे. हौस कसली डोंबलाची! मला सूड घ्यायचा होता.

लातूरला मी सून म्हणून गेले ती बहात्तरच्या दुष्काळात. सासरी डाळीचं दुकान. पुढच्या खोलीत सागवानी टेबल आणि त्याभोवती सहा खुर्च्या. निजामाच्या राजवटीतल्या कुठल्याशा कचेरीच्या लिलावातून सासऱ्यांनी त्या घेतलेल्या. वेताची बैठक, काळपट सागवान आणि हात असे रुंद, की त्यावर चहाची बशी बिनधास्त ठेवावी. हात उंच, म्हणून टेबलही त्यांनी मुद्दाम उंच करून घेतलेलं. त्यावर व्यापारी आणि पाहुणे जेवायचे. सासूबाई नव्हत्या. घर चालायचं मोठ्या जावेच्या हुकमावर. तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो.

त्या घराचा एक नेम होता. वाढणाऱ्यानं आपण होऊन हात थांबवायचा नाही. जेवणारा ताटावर हात आडवा धरून 'बास' म्हणेल, तेव्हाच थांबायचं. दुष्काळातसुद्धा पाहुण्यांपुरता हा नेम पाळला गेला. मला मात्र अक्कानं कधी 'बास' म्हणायची वेळच येऊ दिली नाही. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची अर्धी भाकरी, वर पातळ वरण, की निघाली पुढं.

एका दुपारी टँकरवरून घागरी आणून आणून माझे पाय लटपटायला लागले, म्हणून मी त्यातल्या एका खुर्चीवर टेकले. अक्का दारातच उभी. म्हणाली, "ऊठ गं! खुर्ची पावण्यांची हाय. तुझी जागा चुलीपाशी." दुकानातले हमाल ऐकत होते. मी उठले. पण उठता उठता मनाशी गाठ मारली, की एक दिवस ह्याच खुर्चीवर बसून, ताट टेबलावर ठेवून जेवीन, आणि वाढायला ही अक्काच असेल. मग बघू कोण थांबतं ते.

पुढं लातूर नवा जिल्हा झाला. साहेब लोक आले आणि थोरल्या दिरांनी, अक्काच्या नवऱ्यानं, त्यांना घरी जेवायला बोलवायचा सपाटा लावला. त्याच सुमारास आमच्या ह्यांची नोकरी नांदेडला लागली, आणि वाटण्या ठरल्या. आमच्यात रीत अशी, की थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. त्यामुळं वाटे घालणाऱ्याच्या मनात पाप असलं तरी त्याचा हात आवरतो. दुकान आणि जमीन भावाभावांनी पाहिली. घरातल्या सामानाचे वाटे घातले अक्कानं.

एका वाट्यात तिनं टेबल ठेवलं, आणि त्याच्या जोडीला तांब्याचा मोठा हंडा आणि पाण्याची लोखंडी टाकी. दुसऱ्या वाट्यात सहा खुर्च्या आणि एक मोडका पाळणा. ऐन उन्हाळा, नळ आला तर आला. अशा दिवसांत टाकी सोडून खुर्च्या उचलेल एवढी खुळी बाई मराठवाड्यात सापडायची नाही, असं तिला वाटलं. खुर्च्या तिला साहेबांसाठी हव्या होत्या. टेबल काय, सुताराला सांगून दुसरं करता येतं.

मी खुर्च्या उचलल्या.

"येडी हाय का काय ही!" अक्का सगळ्यांसमोर ओरडली. "पानी काय खुर्चीतून पिणार हाय?" मी म्हटलं, "अक्का, रीत तुमचीच हाय. धाकट्यानं उचललं." त्याच दिवशी टेम्पो बोलावला आणि खुर्च्या नांदेडला हलवल्या. नांदेडला गोदावरी असून मी तो उन्हाळाभर शेजारणीच्या हौदातून पाणी शेंदलं, पण एकदाही टाकीची आठवण काढली नाही.

वाटण्या झाल्या त्याच आठवड्यात लातूरला साहेब जेवायला आले होते. मंडपवाल्याच्या घडीच्या लोखंडी खुर्च्या मागवल्या होत्या. त्या बुटक्या आणि टेबल उंच. दिरांनी वैतागून आमच्या ह्यांना सांगितलं, की साहेबांची हनुवटी ताटाला टेकत होती आणि आमटी त्यांनी नाकासमोरून भुरकली. मी पदर तोंडात कोंबून हसले. खोटं का बोलू, त्या दिवशी मला भूकच लागली नाही.

पण अक्काही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. दिवाळीला लातूरला गेले तर टेबलाचे चारही पाय खालून कापलेले. तिनं त्यावर थाप मारली. "माझं भागलं. आता तुझ्या खुर्च्या ह्याला कधी लागायच्या न्हाईत, आन् मी मेल्यावर बी न्हाईत." तेव्हापासून कुठल्याही लग्नात, बारशात भेटली, की चार बायकांत मुद्दाम विचारायची, "काय गं, मिळालं का टेबल? का अजून ताट मांडीवर घेऊनच बसतीस?" बायका फिदीफिदी हसायच्या. आणि खरंच मी मांडीवरच घेऊन बसत होते. टेबलाशिवाय खुर्ची म्हणजे नुसतं बसणं. जेवायचं तर राहिलंच.

मग मी नांदेडची दुकानं पालथी घातली. एक खुर्ची रिक्षात घालायची, दुकानात उतरवायची आणि टेबलाखाली सरकवून बघायची. बहुतेक ठिकाणी खुर्चीचे हात टेबलाच्या पट्टीवर ठकठक आपटायचे. दुकानदार म्हणायचे, "ताई, ही जुनाट खुर्ची टाका की. टेबलासंगं चकाचक नव्या देतो." एकानं तर माझीच खुर्ची उलटी करून बघितली आणि विचारलं, "बाजी, कुर्सी बेचना है क्या?" मी त्याच्या हातातून खुर्ची हिसकावून घेतली. सनमायकाचं टेबल बसायचं, पण त्या सागवानापुढं ते दवाखान्यातल्यासारखं दिसे. तसलं टेबल बघून अक्का काय म्हणेल, ते मला झोपेतही ऐकू यायचं.

शेवटी टेबल मिळालं ते शिंप्याच्या दुकानात. म्हातारा शिंपी दुकान मोडून मुलाकडं चालला होता. त्याचं कापडं कापायचं टेबल दारात काढून ठेवलेलं. किनवटकडचं सागवान, लांबरुंद, उभ्यानं काम करायचं म्हणून कमरेच्या वर. मी खुर्ची शेजारी ठेवली. लाकडाचा रंग जुळला, नुसता जुळला नाही, सख्ख्या भावंडांसारखा दिसला. उंची मात्र जास्त. होऊ दे! जास्तीचं कापता येतं, कमीचं वाढवता येत नाही. हे अक्काला कुठं कळलं होतं?

करवत चालवताना मी सुताराच्या डोक्यावर उभी राहिले. खुर्चीचे हात सुळकन आत गेले, वर बोटभर जागा राहिली. टेबलावर कात्रीचे ओरखडे होते, ते मी पॉलिश करू दिले नाहीत. पण ह्यांना म्हटलं, इथं अजून कुणी जेवायचं नाही. हे म्हणाले, "मग काय पूजा करायची?" मी म्हटलं, "अक्का येईपर्यंत."

लेकीचा साखरपुडा ठरला आणि अक्का आली. केस पिकलेले, गुडघे गेलेले, जीभ मात्र तीच. पुढच्या खोलीत आली आणि टेबलाकडं बघत राहिली. एका खुर्चीला हात लावून ती आत सरकवली, बाहेर ओढली, परत सरकवली. म्हणाली, "चांगलं बसलं की." तिच्या तोंडून एवढंच आलं. मला ते पुरणारं नव्हतं.

व्याह्यांची माणसं टेबलावर जेवली. पुरणपोळी, तूप, कटाची आमटी, भात. पाहुणे उठले, ताटं उचलली, आणि विहीणबाई विडा चघळत समोरच्या गादीवर टेकल्या. म्हणाल्या, "मुलीची आई सकाळपासून उपाशी हाय. आता तुम्ही बसा."

मी बसले. पहिल्या खुर्चीवर, हात खुर्चीच्या हातांवर पसरून. "अक्का," मी म्हटलं, "तुम्ही थोरल्या. तुमच्या हातचं वाढा मला आज." विहिणीसमोर तिला नाही म्हणता येईना. तिनं पातेलं उचललं. आमटी वाढली, पोळी वाढली, तूप सोडलं. मग भाताचा डाव घेतला आणि माझ्याकडं बघत थांबली.

मी ताटावर हात आडवा न धरता पोळी मोडत राहिले.

तिनं भात वाढला. परत थांबली. विहीणबाई बघत होत्या. त्यांच्या घरीही हाच नेम असणार. अक्कानं पुन्हा डाव भरला. एका हातानं तिनं टेबलाची कड धरली होती. पाच खुर्च्या रिकाम्या होत्या. मी त्यातली एकही पुढं सरकवली नाही.

"बास का गं?" ती हळूच म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला हे विचारलं.

मी आमटीचा भुरका घेतला. भाताचा ढीग ताटाच्या कडेवरून शिंप्याच्या टेबलावर सांडायला लागला, आणि ती वाढत राहिली.