रोवणीच्या दिवसांतली खो-खोची तालीम

तू पत्रात विचारलं आहेस की तुझ्या शाळेतल्या मुलींच्या संघाचे पाय बळकट करायचे तर बैठका किती द्याव्यात, पळवावं किती आणि विश्रांती किती द्यावी. तुझा भाऊ हे वाचून हसेल, पण या विषयात तुमच्या आजीलाही थोडा अनुभव आहे.

लग्नानंतर मी गोंदियाला आले. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं. मुलींच्या शाळेत मला इंग्रजी शिकवायला घेतलं आणि सगळ्यांत लहान म्हणून खेळाचा तासही माझ्याच गळ्यात पडला. त्या वर्षी मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, "मागच्या दोन्ही वर्षी आपल्या मुली भंडाऱ्याला जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात हरल्या. या वर्षीही तेच झालं तर खेळाचा शेवटचा तास शिवणाला देईन. निदान फ्रॉक तरी अंगात घालता येतो."

मला तो तास हवा होता. आमच्या बहुतेक मुली सातवीनंतर शाळा सोडत. मोकळ्यानं पळायला मिळे ते तेवढंच.

मी नागपूरहून व्यायामाचं एक इंग्रजी पुस्तक मागवलं. पाठ केल्यासारखं वाचलं आणि वहीत रकाने आखले. खो-खोत पाटीवर उकिडवं बसावं लागतं आणि पाठीवर 'खो' पडला की त्याच क्षणी उठून सुटावं लागतं. म्हणजे सगळा खेळ त्या उठण्यात. रोज पन्नास बैठका, मैदानाला दहा फेऱ्या आणि दोरीवरच्या उड्या, असा कार्यक्रम मी ठरवला. रोवणीसाठी, म्हणजे धानाच्या लावणीसाठी, शाळेला सुट्टी होती, म्हणून तालीम रोज संध्याकाळी पाच वाजता. आणि शिस्तीसाठी एक नियम केला: संघातल्या नऊजणींपैकी एक जरी आली नाही, तरी त्या दिवशी कोणीच खेळायचं नाही.

नियमाचा उपयोग झाला असं मला वाटलं. एकही मुलगी एकही दिवस चुकली नाही. पण माझ्याकडे तुमच्या आजोबांचं सेकंदकाट्याचं घड्याळ होतं, आणि ते दुसरंच सांगत होतं. पहिल्या आठवड्यापेक्षा दुसऱ्या आठवड्यात मुली सावकाश उठू लागल्या. पुस्तकात लिहिलं होतं की प्रगती थांबली तर व्यायाम वाढवावा. मी बैठका सत्तर केल्या.

तिसऱ्या दिवशी पाटीवरच्या एका मुलीला खो मिळाला आणि ती उठलीच नाही. पुन्हा खो. तरी नाही. मी जवळ गेले तर ती उकिडव्या अवस्थेतच गाढ झोपली होती. धान्याच्या व्यापाऱ्याची ही मुलगी एकटीच गावातली होती. बाकीच्या आठ भोवतालच्या वस्त्यांतल्या, धान पिकवणाऱ्या घरांतल्या.

"बाई, मैं सोई नहीं थी, सोच रही थी," ती डोळे चोळत म्हणाली.

"घोरत घोरत विचार करते का वं?" आमची कप्तान म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मला तो आळस वाटला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कप्तानच्या आईकडे तक्रार करायला निघाले.

घराला कडी होती. शेजारणीनं शेताकडे बोट दाखवलं. बांधावरून पाहिलं तर पाण्यानं भरलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, बायकांची ओळ वाकून धान रोवत होती, आणि त्या ओळीत माझा सबंध संघ होता. व्यापाऱ्याची मुलगीसुद्धा! ती रोपांच्या जुड्या डोक्यावरून आणून देत होती. तिनं रोवलेली ओळ सापासारखी जायची म्हणून तिला ते काम दिलं होतं, हे नंतर कळलं.

मी कप्तानला हाक मारली. "अगं, हे शेत तुमचं. बाकीच्या इथं कशाला?"

ती गुडघाभर चिखलातून बांधावर आली. "तुमीच त सांगतलं होतं ना बाई, एक नाई आली त कोनीच खेलाचं नाई. मंग कोनाचं रोवनं राहून गेलं त तिले घरून कोन सोडंल? म्हनून साऱ्याजनी मिळून एकेकीचं उरकून रायलो. काल हिचं, आज माहं, उद्या तिचं."

"रोज?"

"रोजच त. फाटेपासून चार वाजेतोवर."

तिची आई कंबरेवर हात टेकत सरळ झाली. "मास्तरीण बाई, एक विचारू का जी? दिवसभर पोरी वाकून रायतात, अन् संध्याकाळी तुमी त्यायले उठा-बसा करवता. काऊन? पाय कमी दुखते म्हनून?"

रोवणीत एकमेकींच्या शेतावर जाण्याची तिथली रीतच होती. एरवी त्या आठींपैकी प्रत्येकीला घरचे आणि आलेल्यांच्या फेडीचे मिळून चार-पाच दिवस रोवायला जावं लागलं असतं. माझ्या नियमामुळे नऊही जणी रोजच चिखलात होत्या. पुस्तकातली मुलं दिवसभर बाकावर बसलेली होती. लेखकानं तसं लिहिलं नव्हतं, पण ती तशीच होती. माझी नव्हती.

मी तिथंच नियम मागे घेतला. "उद्यापासून जिच्या घरची रोवणी, तीच जाईल. बाकीच्यांनी यायचं."

"तसं नाई जमत बाई," कप्तान म्हणाली. "दोन घरं राह्यली हायेत. त्यायच्या पोरी आमच्या इथं राबल्या. आता आमी नाई गेलो त तोंड कसं दाखवाचं?"

म्हणून चार दिवस तालीमच बंद ठेवली. पाचव्या दिवशीही कोणाला पळू दिलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी रिकामं मैदान पाहून विचारलं, "बंद ठेवून जिंकता येतं, असं कोणत्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही, बाई," मी म्हटलं. रात्री नीट जेवण गेलं नाही, हे मात्र त्यांना सांगितलं नाही.

सहाव्या दिवसापासून वहीत पहिला रकाना नवा आला: आज सकाळपासून काय केलं? पाणी किती खेपा, धान किती कांडलं, किती चालून आली. जिनं घरी मुसळ उचललं तिला बैठका नाहीत. तिनं खांबाला वळसा घालायचा सराव करायचा. बाकीच्यांना पंधराच बैठका, पण झटक्यानं. उठण्याचा वेग कमी झाला की तिथंच थांबायचं. आठवड्याला एकच गोष्ट वाढवायची, दोन नाहीत. तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे इतकंच उत्तर आहे. आकडे तुझे तू ठरव. घड्याळ हळूहळू खूश होऊ लागलं.

स्पर्धेला भंडारा रोडपर्यंत रेल्वेनं आणि पुढे बसनं गेलो. समोरच्या मुली आमच्यापेक्षा डोकंभर उंच. पहिल्या डावात त्या दोन गड्यांनी पुढे होत्या. पण शेवटच्या डावात त्यांच्या मुली पाटीवरून हाताचा आधार घेऊन उठू लागल्या आणि आमच्या मुली खो कानावर पडताक्षणी सुटत होत्या. व्यापाऱ्याच्या मुलीनं खांबाजवळ शेवटचा गडी मारला. एका गड्यानं जिंकलो. दुपारच्या सामन्यात सपाटून हरलो. परतीच्या गाडीत मुलींना त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. चिवडा कोणी जास्त खाल्ला यावरून भांडण चाललं होतं.

सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंनी वेळापत्रक स्वतः लावलं. शेवटच्या तासापुढे 'खेळ' तसाच होता. शिवण त्यांनी माझ्या इंग्रजीच्या एका तासावर टाकलं होतं. मी तक्रार केली नाही.