ताईआत्याचं नाक

ताईआत्या आमटीतलं मीठ नाकानं ओळखायची. देवीला नैवेद्य दाखवण्याआधी काही चाखायचं नाही, हा आमच्या घराण्याचा जुना नेम. म्हणून नवरात्रातल्या अष्टमीला ती पातेल्यावर वाकायची, डोळे मिटून वाफ ओढून घ्यायची आणि म्हणायची, "किंचित कमी आहे." मग चिमूटभर मीठ पडायचं.

देवासला टेकडीच्या पायथ्याशी ती मुलाजवळ, मुकुंदजवळ राहायची. मी तिचा भाचा, धारला कॉलेजात शिकवणारा. बसनं पोचलो की दारातच म्हणायची, "शेजारी कुणीतरी पेरू खात बसलं होतं वाटतं." माणसाचा रागसुद्धा आपल्याला आधी वासानं कळतो, असं ती सांगे. ते मला खरं वाटत नसे.

सत्तरी उलटल्यावर ते नाक हळूहळू गेलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. एका अष्टमीला आमटीत मीठ दोनदा पडलं. नैवेद्य झाला होता, आम्ही गुमान जेवत होतो. मुकुंद म्हणाला, "वा आई, क्या बात है!"

वाढता वाढता ती थांबली. "क्या बात है, तर मग सगळे घटाघटा पाणी का पिताय रे?" तिनं पळीतली आमटी तळहातावर घेऊन चाखली. जीभ शाबूत होती. मग ती देवघराकडे वळली. "तिलाही हेच वाढलं मी," एवढंच बोलली.

"जाऊ दे आई, पुढच्या वर्षी बाहेरून मागवू," मुकुंद म्हणाला. तो मायेनंच म्हणाला होता. पण त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "दिसतं सगळं, ऐकू येतं सगळं. पण वास नाही ना, तर काही घडतंय असं वाटतच नाही. मी आपली घरात असून पाहुणी. त्यात आता चूलही काढून घेणार."

पुढच्या नवरात्रात तिचा फोन आला. माळवी वळणानं ती मला भिया, म्हणजे भैया, म्हणायची. "भिया, अष्टमीला ये. नाक घेऊन ये."

सोवळं नेसून मी गॅसपाशी उभा राहिलो, ती शेजारी स्टुलावर.

"काय वास येतोय?"

"छान येतोय."

"छान हा काय वास झाला? इतकी पुस्तकं वाचलीस ना? नीट सांग."

मी पुन्हा वाकलो. "खोबऱ्याचा. भाजलेल्या. त्याच्यामागे चिंच. आणि अगदी मागे, ओल्या दगडासारखं काहीतरी."

"ते मीठ. पुढे यायला हवं. घाल जरासं."

मी घातलं, ढवळलं, सांगितलं. डोळे मिटून ती ऐकत होती, वाफेत वाकल्यासारखी पुढे झुकलेली. "हां, आता आली बघ आमटी," ती म्हणाली. त्या दिवशी मुकुंदनं दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली.

गेल्या मार्गशीर्षात ती गेली. शेवटी दिसणंही अंधुक झालं होतं. मी कानाशी बसून सांगायचो: उदबत्ती नुकती विझली आहे, मुकुंद संत्रं सोलतोय, बाहेर कुणीतरी अंगणात पाणी शिंपडलंय. ती माझा हात दाबायची, म्हणजे पुढे सांग.

आता धारला संध्याकाळी घराचं कुलूप काढलं की मला आधी वास जाणवतात. तिला पटतील इतके नीट ते मी मनात सांगू लागतो. हात दाबणारं कुणी नसतं. तरी मी पुढे सांगत राहतो.